पन्नाशीत घेतलेली घरघंटी : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

घरघंटी, म्हणजे घरच्या घरी पीठ दळण्याचे विजेवरचे यंत्र, घ्यावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी किंमत, मोटरची ताकद आणि कंपनीचे नाव एवढ्यावरच दिले जाते. मी हे यंत्र निराळ्या कारणासाठी घेतले आणि त्या कारणासाठी ते कितपत उपयोगी पडले हेच मला सांगायचे आहे, म्हणून सुरुवात थोडी मागून करतो. जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत माझे एचबीए१सी ६.३ टक्के आले. ही चाचणी मागच्या साधारण तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी पातळी दाखवते. ५.७ च्या खाली असेल तर सामान्य, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था आणि ६.५ पासून पुढे मधुमेह, असे तिचे टप्पे आहेत. म्हणजे उंबरठा फक्त दोन दशांश दूर होता. माझ्या वडिलांच्या डाव्या पायाचा अंगठा याच आजारात काढावा लागला होता आणि त्यांच्या पायाची रोजची मलमपट्टी मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे तो आकडा पाहून मला जी भीती वाटली ती मी कुणापासून लपवली नाही.

डॉक्टरांनी लगेच औषध सुरू केले नाही. त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली आणि एक आठवडाभर जे काही तोंडात जाईल ते वजनासह लिहून आणायला सांगितले. ती वही मी अजून जपून ठेवली आहे. सकाळी पोहे किंवा उपमा, डब्यात घडीच्या चार पोळ्या, दुपारच्या चहाबरोबर बिस्किटे, रात्री साडेनऊनंतर पुन्हा तीन पोळ्या आणि त्यावर भात. धान्याचे कच्चे वजन रोज सरासरी ४३० ग्रॅम भरत होते आणि भाज्या कशाबशा १५० ग्रॅम. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत २,००० किलोकॅलरींच्या आहारासाठी धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि डाळी किंवा अन्य प्रथिनयुक्त पदार्थ ८५ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. माझे ताट याच्या जवळजवळ उलटे होते. मी गोड फारसे खात नाही, मग साखर वाढली कशी, या माझ्या प्रश्नाचे उत्तर त्या वहीतच होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहपूर्व अवस्थेतील भारतीयांची संख्या १३.६ कोटी असल्याचे म्हटले आहे. त्यातील कित्येकांच्या घरी अशीच वही निघेल, असे मला वाटते.

धान्य कमी करायचे तर कोणते ठेवायचे, हा पुढचा प्रश्न होता आणि त्याबाबत मला फार विचार करावा लागला नाही. माझे बालपण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्यात गेले. काळी भारी जमीन, बेभरवशाचा पाऊस, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी जमिनीतल्या ओलीवर वाढून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला यायची. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी आजही चवीच्या बाबतीत इतर वाणांचे माप ठरते. आमच्या घरी पोळी सणावारी आणि पाहुणा आला तरच होत असे. मी नोकरीसाठी पुण्यात आलो आणि दोन-तीन वर्षांतच भाकरी सणावारी आणि पोळी रोजची, अशी उलटापालट झाली. यात चवीचा प्रश्न नव्हता. रेशनवर गहू-तांदूळ मिळत होते, पावसाळी संकरित ज्वारी बेचव निघे, आणि १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी ज्यांनी खाल्ल्या त्या माझ्या आईच्या पिढीला रोज गव्हाची पोळी मिळणे हे दिवस पालटल्याचे लक्षण वाटत होते. त्या भावनेचा मला आदर आहे. पण ती भावना पुढे नेत आम्ही बैठ्या कामाच्या जोडीला सात पोळ्या आणि भात खात राहिलो, हे चुकले.

फेब्रुवारी २०२४ पासून मी ज्वारीची भाकरी सुरू केली आणि पहिले काही आठवडे ती जवळजवळ रोज बिघडत राहिली. दुकानातून आणलेल्या पाकिटावरची तारीख पाहिली तर पीठ दोन महिन्यांपूर्वी दळलेले असे. उंडा थापायला घेतला की कडेने भेगा पडायच्या, आणि परातीतून उचलताना भाकरी हातातच तुटायची. आईला दूरध्वनीवर सांगितले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "पीठ कधी दळलंय? विरी गेलेलं पीठ घेऊन बसलास, तर तुझ्या हाताचा काय दोष?" ज्यांच्या घरी भाकरी रोज होते त्यांना विरी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी एवढेच, की ज्वारीच्या ताज्या पिठाला एक चिकटपणा असतो आणि पीठ जुने झाले की तो जातो. गव्हाला धरून ठेवणारे ग्लुटेन ज्वारीत नसते, त्यामुळे पीठ एकत्र ठेवण्याचे काम स्टार्चवर येते. आधणाचे पाणी घालून उकड काढली की पिठाचा काही भाग शिजून चिकट होतो आणि जुन्या पिठाचीही भाकरी कशीबशी जमते, परंतु ताज्या पिठाची मऊ, पापुद्रा सुटलेली भाकरी तिच्यातून मिळत नाही.

गिरणीचा मार्ग होताच आणि तो मी दोन महिने प्रामाणिकपणे वापरला. आमच्या भागातील गिरणीवाले गृहस्थ चांगले आहेत, पण ज्वारी ते मंगळवारी आणि शनिवारीच दळतात, तीन किलोंपेक्षा कमी दळण घेत नाहीत, आणि आधी गव्हाचे दळण झालेले असल्याने पहिले मूठ-दोन मुठी पीठ मिसळलेले निघते. तेव्हा घरात भाकरी खाणारा मी एकटाच होतो. तीन किलो पीठ मला तीन आठवड्यांहून जास्त पुरायचे आणि दुसऱ्या आठवड्यातच त्याची विरी जायची. मग भाकरी तुटायची, पत्नी दमून जायची, आणि "आज पोळ्याच करू या" असे आम्ही दोघेही म्हणायचो. माझ्या पथ्याचा निश्चय डळमळीत नव्हता. अडचण पिठाच्या वयाची होती. एवढे लक्षात आल्यावर एप्रिल २०२४ मध्ये मी घरघंटी घेतली.

बाजारात साधारण दोन प्रकार दिसतात. एकात दगड असतात, त्यात धान्य घासून दळले जाते आणि दगडांना काही काळाने टाकी लावावी, म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. दुसऱ्यात दगड नसतात. पोलादी पाती मोटरच्या वेगाने, म्हणजे मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेत धान्यावर आघात करतात आणि बारीक झालेले पीठ जाळीतून खालच्या डब्यात पडते. मी दुसरा प्रकार निवडला, कारण मला दर आठवड्याला थोडीच ज्वारी दळायची होती आणि एवढ्या थोड्या दळणासाठी आत कमीत कमी पीठ अडकून राहणारे, ब्रशने चटकन साफ होणारे यंत्र हवे होते. १ अश्वशक्तीची मोटर, घरातल्या नेहमीच्या वीजजोडणीवर चालणारी रचना, वर चार किलो धान्य मावेल असा हॉपर, सहा जाळ्या, पोलादी डबा आणि लाकडी कपाटासारखे बाह्यांग, असे यंत्र १६,८०० रुपयांना घरपोच मिळाले. वजन ४४ किलो आहे आणि खाली चाके आहेत. ती चाके फरशीवर ठीक फिरतात, पण उद्वाहन (लिफ्ट) नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा.

दुकानात विक्रेत्याने मला सांगितले, "साहेब, तुम्ही तीन महिने ज्वारीची भाकरी खा, साखर मुळासकट जाते." मला हे ऐकून राग आला आणि अजूनही येतो, कारण घाबरलेल्या माणसाला अशी वाक्ये फार लवकर पटतात. घरघंटी हे दळणाचे यंत्र आहे आणि तिचे परीक्षण दळणावरच व्हावे.

तर दळणाविषयी. भाकरीसाठी मी सर्वांत बारीक छिद्रांची जाळी लावतो. दोन किलो मालदांडी दळायला २२ मिनिटे लागतात. माहितीपत्रकात ताशी आठ ते दहा किलोंचा दावा आहे. तो गव्हाच्या बाबतीत मधल्या जाळीवर जवळपास खरा ठरतो, ज्वारीच्या बाबतीत मात्र साडेपाच किलो धरावेत. पीठ बारीक, एकसारखे आणि बोटांच्या चिमटीत रेशमासारखे लागते. यंत्रातून निघताना ते गरम असते, म्हणून ते लगेच डब्यात भरू नये. मी परातीत पसरून अर्धा तास निवू देतो, नाहीतर झाकणाला वाफ धरते आणि खाली गाठी होतात. दळलेल्या दिवशी आणि पुढचे चार-पाच दिवस कोमट पाण्याने मळलेला उंडासुद्धा न चिरता थापला जातो. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली आणि जाळावर धरली की भाकरी टम्म फुगते. मी ही कामे आता स्वतः करतो. पहिली न तुटलेली भाकरी माझ्या हातून ज्या संध्याकाळी झाली त्या दिवशी मी तिचे छायाचित्र आईला पाठवले होते.

या यंत्राचा मला झालेला सर्वांत मोठा लाभ मात्र भाकरी नव्हे, कण्या हा आहे, आणि यंत्र विकत घेताना तो माझ्या मनातही नव्हता. पीठ जितके बारीक तितके ते लवकर पचते आणि रक्तातील साखर तितकी लवकर चढते, ही गोष्ट डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितली होती. भाकरीसाठी बारीक पिठाला पर्याय नाही, कारण जाड पिठाचा उंडा थापतानाच फाटतो. तेव्हा रात्रीच्या जेवणासाठी दुसरे काहीतरी हवे होते. सहा जाळ्यांपैकी सर्वांत मोठ्या छिद्रांची जाळी कशासाठी दिली आहे ते पाहावे म्हणून तिच्यावर अर्धा किलो ज्वारी दळली आणि डब्यात लहानपणी आजीच्या घरी पाहिलेल्या कण्या पडल्या. भरडलेली ज्वारी, आणि तिच्यासोबत थोडे पीठ. ते पीठ चाळणीने वेगळे काढावे लागते. एक किलो ज्वारीतून साधारण ६५० ग्रॅम कण्या मिळतात आणि उरलेले जाडसर पीठ आंबिलीला किंवा थालीपिठाला जाते, वाया काही जात नाही.

कण्या दुपारी भिजत घातल्या की संध्याकाळी कुकरमध्ये चौपट पाण्यात मऊ शिजतात. मी माणशी ५० ग्रॅम घेतो, फक्त मीठ घालून शिजवतो, ताटात वाढून वर ताजे ताक ओततो आणि जवसाची किंवा लसणाची चटणी बाजूला घेतो. सोबत एक मोठी वाटी पालेभाजी आणि मोड आलेल्या मटकीची उसळ. यात भाताची तलफ भागते, कारण कालवून खाण्याचे समाधान मिळते, आणि ५० ग्रॅमच्या कण्या फुगून वाटीभर होत असल्याने ताट रिकामे दिसत नाही. माझ्यासारख्या रात्री भात सुटत नसलेल्या माणसाला याची किंमत कळेल. बाजारात तयार कण्या क्वचित मिळतात. गिरणीत त्या मागितल्या तर आधीच्या दळणाची व्यवस्था बदलावी लागते म्हणून सहसा नकार येतो. घरात हवी ती जाळी दोन मिनिटांत बदलता येणे हा या यंत्राचा खरा गुण आहे.

बाजरीबद्दल थोडक्यात. बाजरीत स्निग्धांश १०० ग्रॅममध्ये पाच ग्रॅमांच्या वर असतो, त्यामुळे तिचे पीठ आठवडाभरात कडवट होऊ लागते. थंडीत भोगीच्या आसपास मी ती एका वेळी अर्धा किलोच दळली आणि कडू भाकरी एकदाही झाली नाही. नाचणी फार बारीक दाण्याची असल्याने हॉपरचे तोंड कमी उघडावे लागते, पण पीठ उत्तम निघते. भाजणीचे भाजलेले धान्य पूर्ण थंड झाल्याशिवाय घालू नये. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन यांसारखी तेलकट धान्ये नुसती दळू नयेत असे माहितीपत्रकात स्पष्ट आहे आणि ते पाळावे.

आता दोष. आवाज मोठा आहे. स्वयंपाकघराचे दार लावूनही बाहेरच्या खोलीत बोलणे थांबवावे लागते. आमच्या वरच्या मजल्यावर रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका राहतात. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी शनिवारी संध्याकाळी सहालाच दळतो आणि यंत्राखाली जाड रबरी पट्टी घातली आहे, तिने फरशीतून जाणारी थरथर बरीच कमी झाली. पिठाची धूळ कापडी पिशवीत अडकावी अशी रचना आहे, तरी दार उघडताना थोडे पीठ उडतेच. ज्यांना दमा आहे त्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. दळून झाल्यावर ब्रशने आतला भाग साफ करायला सात-आठ मिनिटे लागतात. हे काम टाळले तर पावसाळ्यात कोपऱ्यात अडकलेल्या पिठात सोंडे आणि जाळे होतात, हे मी पहिल्या जुलैमध्ये पाहिले आणि त्यानंतर एकदाही टाळले नाही.

दुसरी अडचण माझ्या चुकीतून उद्भवली, पण तिने विक्रीनंतरच्या सेवेचे स्वरूप कळले. ज्वारीला धूळ फार होती म्हणून मी ती धुऊन वाळवली आणि पुरेशी वाळली असे समजून दळायला घातली. दाणा आतून ओला होता. जाळीवर लगदा बसला, मोटर गुरगुरली आणि बंद पडली. कंपनीकडे तक्रार नोंदवल्यावर तंत्रज्ञ येण्यास नऊ दिवस लागले. दरम्यान चार वेळा दूरध्वनी केला आणि प्रत्येक वेळी नवी तारीख मिळाली. आलेला माणूस कामात तरबेज होता. त्याने अर्ध्या तासात यंत्र सुरू करून दिले आणि ओले धान्य हमीत बसत नाही म्हणून घेतलेले ४५० रुपये मला रास्त वाटले. नऊ दिवस मात्र रास्त नव्हते. जे यंत्र लोक रोजच्या अन्नासाठी घेतात त्याची दुरुस्ती दोन-तीन दिवसांत व्हायला हवी. खरेदीपूर्वी आपल्या शहरात त्या कंपनीचा तंत्रज्ञ आहे का आणि जाळ्या सुट्या मिळतात का, हे विचारून घ्यावे. माझी एक जाळी धान्यातून आलेल्या लहान चुकेने फाटली; नवी मिळाली, पण दुसऱ्या पेठेतून शोधून आणावी लागली. तेव्हापासून ज्वारी सुपात पाखडून, निवडून आणि वरून लोहचुंबक फिरवूनच मी हॉपरमध्ये घालतो.

ज्यांना गहू पूर्ण वर्ज्य आहे, म्हणजे सीलिअ‍ॅक आजार आहे, त्यांच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. ज्या घरघंटीत गहू दळला जातो तिच्यात ब्रश मारून दळलेली ज्वारी अशा रुग्णांना सुरक्षित धरता येणार नाही. त्यांच्यासाठी यंत्रच वेगळे ठेवावे. गिरणीत हा धोका आणखी मोठा असतो, त्यामुळे अशा घरांत घरघंटी ही गरजेची वस्तू आहे असे मी म्हणेन.

पैशांच्या दृष्टीने पाहिले तर हा व्यवहार परवडत नाही आणि हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे गिरणीत ज्वारीच्या दळणाला किलोमागे १० रुपये पडतात. महिन्याला सगळी धान्ये मिळून नऊ-दहा किलो दळण होते, म्हणजे वाचले ते महिना शंभरेक रुपये. दोन किलोंच्या दळणाला वीज पाव ते तृतीयांश युनिट लागते, ती नगण्य धरली तरी यंत्राची किंमत वसूल व्हायला चौदा वर्षे लागतील. ज्यांच्या घराजवळ ज्वारी रोज आणि एक किलोसुद्धा दळून देणारी गिरणी आहे, त्यांनी घरघंटी घेऊ नये. त्या गिरणीवर त्यांनी प्रेम करावे.

तब्येतीविषयी सांगताना मला शब्द जपून वापरायचे आहेत. एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे घरघंटी येण्याच्या आठवड्यात, एचबीए१सी ६.१ होते, पहिली घट गिरणीच्या पिठावर आणि तुटक्या भाकरीवरच झाली होती. जुलैमध्ये ते ६.० आणि जानेवारी २०२५ मध्ये ५.८ झाले. वजन ८१ किलोंवरून ७५ वर आणि कंबर १०१ सेंटिमीटरवरून ९४ वर आली. भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर मानली जाते, म्हणजे काम अजून बाकी आहे. या काळात मी रोज ४० मिनिटे चालत होतो, रात्रीचे जेवण साडेसातला आणले, बिस्किटांच्या जागी फुटाणे घेतले आणि भाज्यांचे वजन ३५० ग्रॅमच्या वर नेले. या सगळ्यातून भाकरीचा वाटा वेगळा काढून दाखवणे शक्य नाही.

ज्वारीत काही जादू आहे असेही मी मानत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि १० ग्रॅम तंतू दाखवले आहेत. न चाळलेल्या गव्हाच्या पिठाचे आकडेही जवळपास तेवढेच, किंबहुना तंतू किंचित जास्तच आहेत. पांढऱ्या तांदळात मात्र तंतू तीन ग्रॅमांहून कमी. नाचणीत ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे आणि ज्वारीत त्याच्या दहावा भागही नाही. तेव्हा ज्वारीसाठी गव्हाला शत्रू ठरवण्याचे कारण नाही. माझ्या ताटात जो फरक पडला तो मोजमापाचा होता. पोळ्या मी न मोजता खात असे, त्यांच्या घडीत तेल आणि वर तूप असे. भाकरी ६५ ग्रॅम पिठाची होते, तिला तेल लागत नाही, ती मोजूनच थापली जाते, सावकाश चावावी लागते आणि दुसरी संपता संपता पोट भरल्याची जाणीव होते. माझे दिवसाचे धान्य ४३० ग्रॅमवरून २३०-२४० वर आले ते उपाशी न राहता, याचे श्रेय मी भाकरीला आणि कण्यांना देतो, आणि ती दोन्ही रोज चांगली जमतात याचे श्रेय ताज्या पिठाला देतो. घरघंटीचे श्रेय एवढेच आहे. माझ्यासाठी ते पुरेसे ठरले.

ज्यांना मधुमेहाची औषधे, विशेषतः इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या सुरू आहेत, त्यांनी धान्य एकदम निम्मे करू नये. साखर धोक्याच्या पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा आणि ताट दोन्ही एकत्र बदलावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कडधान्ये आणि भरड धान्ये किती घ्यावीत हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे. आणि जे केवळ उत्साहाच्या भरात हे यंत्र घेऊ पाहत आहेत त्यांना माझा सल्ला आहे, की आधी दोन महिने गिरणीतून दळण आणून भाकरी खा. त्या दोन महिन्यांत पिठाच्या शिळेपणामुळे अडले तर घरघंटी तुमची अडचण सोडवेल. थापण्याच्या कंटाळ्यामुळे किंवा घरातल्यांच्या नावडीमुळे अडले, तर १६-१७ हजारांचे यंत्र गॅलरीत चादर पांघरून उभे राहील. आमच्याच इमारतीत तशी दोन आहेत.

मार्च २०२५ मध्ये थोरल्या बंधूंनी गावाहून मालदांडीचे पन्नास किलोंचे पोते पाठवले आणि त्याच गाडीतून आई महिनाभरासाठी आली. पहिल्या शनिवारी दळण संपेपर्यंत ती यंत्राजवळ खुर्ची घेऊन बसली, डबा बाहेर काढल्यावर चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन पाण्याच्या दोन थेंबांनी चोळले आणि म्हणाली, "विरी आहे." त्या आठवड्यात भाकरी तिने केल्या आणि महाविद्यालयात जाणारा माझा मुलगा, जो तोवर पोळीच मागत होता, त्याने शेंगदाण्याच्या चटणीबरोबर त्या खाल्ल्या. ती गावी परतल्यावरही तो आठवड्यातून तीनदा भाकरी मागतो, त्यामुळे शनिवारचे दळण आता दोन किलोंवरून तीन किलोंवर गेले आहे.